सिझेरियनचा व्रण आणि दुसऱ्या वेळी दिवस राहण्यास होणारा उशीर

देवगडकरीण
नमस्कार. माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिच्या वेळी कळा सुरू होऊन गर्भपिशवीचे तोंड बरेच उघडल्यानंतर सिझेरियन करावे लागले. वर्षभर दुसऱ्या अपत्यासाठी प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. पाळी वेळेवर येते. मात्र ती थांबल्यावरही काही दिवस तपकिरी डाग पडत राहतात, आणि हे सिझेरियननंतरच सुरू झाले. आतल्या टाक्यांच्या जागेमुळे गर्भधारणेत अडथळा येऊ शकतो का? यजमान मालवाहू जहाजावर असतात, त्यामुळे तपासण्यांचा क्रम आधीच ठरवलेला बरा.

स्त्रीरोगतज्ज्ञ, कणकवली
येऊ शकतो, परंतु सिझेरियन झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना पुढे विनासायास दिवस राहतात. अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता सिझेरियननंतर पुन्हा गर्भधारणा होण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळते. त्यात व्रणाचा वाटा किती आणि ज्या कारणासाठी सिझेरियन झाले त्याचा, किंवा दुसरे मूलच नको या निर्णयाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

आपले तपकिरी डाग मात्र तपासण्याजोगे आहेत. गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीवरील छेद भरून येताना काही स्त्रियांमध्ये तेथे खळगा राहतो. त्याला इस्थमोसील म्हणतात. पाळीचे रक्त त्यात साचते, मागाहून थोडेथोडे बाहेर येते आणि कधी वरच्या पोकळीतही शिरते. तेथे द्रव राहिला तर गर्भ रुजण्यास अडचण होऊ शकते. तोंड बरेच उघडल्यावर घेतलेला छेद खाली, ग्रीवेच्या (पिशवीच्या मुखाकडच्या अरुंद भागाच्या) जवळ जाण्याची शक्यता असते आणि तेथे खळगा राहण्याचा संभव अधिक. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तो दिसतो. पिशवीत सलाइन सोडल्यास अधिक स्पष्ट दिसतो. शस्त्रक्रियेनंतर आतील अवयव एकमेकांना चिकटून बीजवाहक नळ्यांना बाधा आली आहे का, हे पाहण्यासाठी नळ्यांचा एक्स-रेही करावा लागू शकतो.

वेंगुर्ल्याची वाचक
ताई, यजमान जहाजावर असतात हे आपण शेवटी सहज लिहिले आहे, पण मला तेच महत्त्वाचे वाटते. वर्षभर प्रयत्न म्हणजे दोघांनी तितका काळ एकत्र असणे. आपल्याकडे नवरा मुंबईला, घरी येणार गणपतीला आणि शिमग्याला, आणि दिवस राहिले नाहीत की बोट सुनेच्या टाक्यांकडे! माझ्याही सोनोग्राफीत खळगा दिसला आणि लगेच शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. दुसरे मत घेतले तेव्हा यजमानांच्या शुक्राणूंची संख्या कमी असल्याचे कळले. त्यांच्यावर उपचार झाले आणि खळग्याला हात न लावता मला दिवस राहिले. यजमान सुट्टीवर आल्यावर आधी वीर्यतपासणी करून घ्यावी. त्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध नसावा लागतो. पहिल्या बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्डही सोबत ठेवा.

देवगडकरीण
गेल्या वर्षभरात यजमान जेमतेम चार महिने घरी होते. खळगा आढळलाच, तर तो बुजवावाच लागतो का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, कणकवली
नाही. चार महिन्यांचा सहवास वंध्यत्व ठरवण्यास पुरेसा नाही. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने, अन्यथा वर्ष धरतात. डागांचा त्रास आहे किंवा पोकळीत द्रव दिसतो, आणि दुसरे कारण सापडत नाही, अशा वेळीच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. खळग्याजवळ उरलेली भिंत सुमारे ३ मिलिमीटर किंवा अधिक जाड असेल तर योनिमार्गातून दुर्बीण घालून कडा साफ करता येतात. त्याहून पातळ असेल तर भिंत फाटण्याचा आणि मूत्राशयाला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून पोटातून दुर्बिणीने तो भाग काढून पुन्हा टाके घालतात, आणि त्यानंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते.

दिवस राहिले तर मात्र तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ जुन्या व्रणातच रुजलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी आणि पुढच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) व्रणावर आहे का, हे आवर्जून विचारावे.