श्रीनगरहून एका दिवसात गुलमर्गचा बर्फ : गाईडसह सहल घ्यावी का?

हापूसबाग, देवगड

सर्वांना नमस्कार. या हिवाळ्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, चौथीत शिकणारी मुलगी आणि ६८ वर्षांची आई, काश्मीरला जाण्याचा विचार करीत आहोत. आईचे सारे आयुष्य समुद्रकाठी गेले आहे आणि पडलेला बर्फ एकदा डोळ्यांनी पाहावा, ही तिची फार जुनी इच्छा आहे. तिला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असले तरी औषधांवर सारे आटोक्यात आहे आणि ती रोज बागेत फिरते.

कलमांचा मोहोर सांभाळायचा असल्याने मला दोन फवारण्यांच्या मधला जेमतेम आठवडाच मोकळा मिळतो. तो एक तर डिसेंबरच्या अखेरीस मिळेल, नाही तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. मुक्काम श्रीनगरलाच ठेवून एका दिवसात गुलमर्ग पाहून परतायचे, असा बेत आहे. एका पर्यटन संस्थेने गाडी, गाईड आणि दुपारचे जेवण धरून ‘सर्व खर्चासह’ असे दरपत्रक पाठवले आहे, पण त्यात नेमके काय येते आणि काय येत नाही, याचा उलगडा होत नाही. अशी एका दिवसाची सहल आईला झेपेल का, दोनपैकी कोणता आठवडा निवडावा आणि गाईड घेणे खरोखर आवश्यक आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाटाड्या, चिपळूण

आपला बेत योग्य आहे, आणि आईंना बर्फ दाखवायचा असेल तर गुलमर्गइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच मिळेल. श्रीनगरहून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे. मागम आणि टंगमर्गपर्यंतचा रस्ता बराचसा सपाटीचा आहे, खरा घाट टंगमर्गनंतरच्या तेरा किलोमीटरांत लागतो. श्रीनगर साधारण १,५८५ मीटर उंचीवर आहे, तर गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येणे सहज शक्य आहे. मात्र दिवस लहान असतो आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे धरूनच वेळापत्रक आखावे. अंधार पडल्यावर रस्त्यावर वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि उतरतीला गाड्या घसरू लागतात. त्यामुळे दुपारी साडेतीनच्या आत गुलमर्ग सोडायचे, हे गाईडशी आधीच ठरवून घ्यावे.

तारखांबद्दल माझे मत स्पष्टपणे फेब्रुवारीच्या बाजूने आहे. आपल्याकडे मृग लागला की पावसाची वाट पाहायची, तशी तिकडे बर्फाची तारीख बांधता येत नाही, कारण हा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो आणि ते झंझावात आले नाहीत तर कडाक्याची थंडी असूनही जमीन उघडीच राहते. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. थंडी तेव्हाच सर्वांत तीव्र असते, पण थंडी आहे म्हणजे बर्फ आहेच असे समजणे चुकीचे ठरते. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे तपकिरी आणि कोरडी होती, पर्यटक निराश होऊन परतत होते, आणि मोठा बर्फ पडला तो महिन्याच्या अखेरीपासून पुढे. फेब्रुवारीत आधीच्या दोन महिन्यांचा साठा जमिनीवर असण्याची शक्यता अधिक असते, दिवसही थोडा मोठा झालेला असतो. शिवाय श्रीनगर विमानतळावर डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे विमाने अनेकदा रखडतात, तो त्रासही तोवर कमी होतो.

आता दरपत्रकाविषयी. ‘सर्व खर्चासह’ या दोन शब्दांवर विसंबून पैसे भरू नयेत, कारण बर्फाच्या दिवशी खर्चाचा मोठा भाग टंगमर्गच्या पुढेच उद्भवतो. ताजा बर्फ पडलेला असला की साध्या गाड्यांना टंगमर्गलाच थांबवले जाते. पुढे फक्त चारही चाकांना जोर असणाऱ्या किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या सोडल्या जातात, आणि श्रीनगरहून आलेल्या प्रवाशांना तेथे दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागते. त्या गाडीचे भाडे, गमबूट आणि जाड कोटाचे भाडे, गंडोल्याचे म्हणजे केबल कारचे तिकीट, स्लेज ओढणाऱ्याची मजुरी यांपैकी कोणकोणत्या गोष्टी दरात धरल्या आहेत, हे एकेक करून विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. गंडोल्याची तिकिटे केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावरून नाव, ओळखपत्र आणि तारखेसह आगाऊ काढता येतात. ती आपणच काढावीत, म्हणजे फाटकापाशी चढ्या दराने तिकीट देऊ करणाऱ्यांशी संबंधच येत नाही.

गंडोल्यात बसण्यासाठी गाईड मुळीच सक्तीचा नाही, ही गोष्ट तेथे कोणी आपणहून सांगणार नाही. तरीही आपल्या बाबतीत मी गाईड घ्या असेच सुचवीन. पर्यटन विभागाकडे नोंदलेला, ओळखपत्र दाखवणारा आणि दिवसभर कुटुंबासोबत राहणारा माणूस असेल तर आईंना एका उबदार खोलीत बसवून मुलीला थोडा वेळ बर्फात नेता येते. रस्ता बंद होण्याची चिन्हे असतील तर तीही त्याला आपल्याआधी कळतात. तो चांगला आहे की नाही, हे ओळखण्याची माझी रीत अगदी साधी आहे. ‘हवा बिघडली तर आपण काय करणार?’ असे फोनवरच विचारावे. जो ‘काळजी करू नका, काही होत नाही’ म्हणतो त्याला टाळावे. जो कोठून मागे फिरायचे आणि पैसे किती परत मिळतील हे सांगतो, त्याच्याबरोबर निश्चिंतपणे जावे.

शेवटची विनंती अशी की श्रीनगरच्या मुक्कामात गुलमर्गसाठी एकच दिवस न ठेवता त्याच्या पाठोपाठचा एक दिवस रिकामा ठेवावा. पहिल्या दिवशी घाट बंद झाला तर दुसऱ्या दिवशी जाता येते, आणि जाणे झालेच तर त्या मोकळ्या दिवशी दल लेकवर आईंना शिकाऱ्यातून फिरवावे.

वैद्य, रत्नागिरी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे आईंच्या प्रकृतीपुरतेच लिहितो. त्यांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणीही अंतिम मत देऊ नये. निघण्याच्या दोन आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून, ईसीजी आणि साखर तपासून, कोणत्या उंचीपर्यंत जायचे आहे हे त्यांना सांगावे.

गंडोल्याचे दोन टप्पे आहेत आणि त्यांतील फरक आपण नीट लक्षात घ्यावा. पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो, आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरांहूनही वर नेतो. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरांपुढे संभवतो. देवगडच्या किनाऱ्यावरून एक-दोन दिवसांत थेट अफरवटला पोहोचणे हे वयस्क, मधुमेही व्यक्तीसाठी अनावश्यक धाडस आहे. आईंनी गुलमर्गच्या पठारावरच थांबावे, किंवा प्रकृती उत्तम वाटल्यास फार तर कोंगडोरीपर्यंत जावे. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे, विलक्षण थकवा यांपैकी काहीही जाणवले तर गोळी घेऊन तेथेच बसून राहू नये, सरळ खाली उतरावे. उंचीच्या त्रासावरील गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत, कारण त्या प्रत्येकाला चालत नाहीत.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून प्रवासाच्या धांदलीत सकाळची गोळी चुकणार नाही, याची जबाबदारी घरातील एकाने घ्यावी. आई इन्सुलिन घेत असतील तर ते बाहेरच्या पिशवीत अजिबात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसले तरी ते वापरण्याजोगे राहत नाही. ते स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावे, मात्र अंगाला अगदी चिकटूनही नको. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते किंवा बंद पडते, तेही आतच ठेवावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे भाड्याच्या बुटात पाणी शिरल्याचे आईंना कळणारच नाही. दर तासाला बूट काढून मोजे हाताने चाचपून पाहावेत आणि ओले लागले तर तत्काळ बदलावेत. इतर सर्व सूचना विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका.

खोलीत शेगडी, कांगडी म्हणजे निखाऱ्यांचे काश्मिरी मडके, किंवा गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि झोपताना ते विझवावे.

तेरेखोलकाठ, सावंतवाडी

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी गुलमर्गच का, असा प्रश्न विचारावासा वाटतो. पूर्वी हिवाळ्यात सोनमर्गचा रस्ता हिमस्खलनांमुळे महिनोन्‌महिने बंद असे. १३ जानेवारी २०२५ रोजी तेथील साडेसहा किलोमीटरांचा बोगदा खुला झाल्यापासून सोनमर्ग बाराही महिने गाठता येते. अंतर श्रीनगरहून ऐंशीएक किलोमीटर आहे. गंडोल्याची गर्दी नसल्यामुळे वृद्ध माणसाला गाडीतून उतरल्या उतरल्या बर्फ दिसावा, एवढीच अपेक्षा असेल तर सोनमर्गचा विचार अवश्य करावा.

येण्या-जाण्याबद्दलही सांगतो. विमान रद्द झाल्यास हाताशी दुसरा मार्ग असावा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागली आहे, आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडींनी बंद पडला तरी पर्याय उरतो. त्या मार्गावरील चिनाबचा ३५९ मीटर उंच पूल आपल्या कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली उभा राहिला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने दिल्लीला जाऊन पुढे कटरा असा प्रवास लांबचा आहे, पण परतीच्या वेळी अडकून पडण्यापेक्षा केव्हाही बरा.

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काही पर्यटनस्थळे बंद केली गेली आणि नंतर टप्प्याटप्प्याने उघडली. तेव्हा निघण्यापूर्वी कोणती ठिकाणे खुली आहेत, हे पर्यटन विभागाच्या सूचनांत पाहूनच नोंदणी करावी. आपल्याकडचे प्रीपेड सिम तेथे चालत नाही, त्यामुळे घरातील एक तरी फोन पोस्टपेड असू द्यावा.

वाटाड्या, चिपळूण

सोनमर्गचा मुद्दा रास्त आहे, मात्र ऐंशी किलोमीटर जाऊन तेवढेच परत येण्यात आईंचा बराचसा दिवस गाडीतच जाईल आणि बोगदा झाला तरी बाजूच्या डोंगरउतारांवरील हिमस्खलनाचा धोका मिटलेला नाही. धोका गुलमर्गलाही आहेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. परंतु ते मुख्य पठारापासून दूर, आखलेल्या मार्गांच्या बाहेरचे क्षेत्र होते. पठारावर आणि गाईडच्या नजरेत राहणाऱ्या कुटुंबाने भिण्याचे कारण नाही. मोठा बर्फ पडून गेल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत मात्र वरचा टप्पा आपणही टाळावा.

हापूसबाग, देवगड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही फेब्रुवारीचा आठवडा निश्चित करीत आहोत, गुलमर्गपाठोपाठ एक दिवस मोकळा ठेवत आहोत आणि आई पठारावरच थांबेल. आता एकच अडचण उरली आहे. आमच्या घरात कोणाकडेही धड गरम कपडे नाहीत, कारण येथे दापोलीचा पारा दहा अंशांवर उतरला तरी त्याची बातमी होते. सगळे विकत घ्यावे की तेथे भाड्याने मिळते त्यावर भागवावे?

शेवंती, मालवण

कपड्यांबद्दल मी सांगू शकते. वरचा जाड कोट आणि गमबूट टंगमर्गला भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नयेत, कारण घरी आणल्यावर आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी येण्यापलीकडे काही होत नाही. मात्र अंगालगतचे सारे स्वतःचेच हवे. प्रत्येकाला थर्मलचा एक जोड, त्यावर लोकरी स्वेटर, कान झाकणारी टोपी आणि लोकरी मोज्यांचे किमान तीन जोड घ्यावेत. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवावेत, ते घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातील ऊब शोषून घेतात. भाड्याचे बूट निवडताना आत हात घालून अगदी बोटांच्या टोकापर्यंत चाचपावे. आदल्या दिवशीच्या गिऱ्हाईकाच्या पायाचा बर्फ आत वितळून अस्तर ओले राहिलेले असते आणि ते बाहेरून दिसत नाही. तसे लागले तर न संकोचता दुसरा जोड मागावा. तरीही भीती वाटली तर मोज्यांवर एक प्लास्टिकची पिशवी चढवून मगच बूट घालावेत. आईंसाठी आणि मुलीसाठी हे आधीच करून टाकावे.

मुलीला लोकरी हातमोजे देऊ नयेत. ती बर्फाचे गोळे करणारच, आणि लोकर पाच मिनिटांत भिजते. तिच्यासाठी पाणी न शिरणारे हातमोजे येथूनच घेऊन जावेत. काळा चष्मा चौघांनाही हवा, कारण ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतो आणि दिवसभरात डोळे लाल होऊन दुखू लागतात. खोबरेल तेल नेऊन उपयोग नाही, ते बाटलीत दगडासारखे घट्ट होते आणि बाहेरच येत नाही. त्याऐवजी घरचे कोकमतेल, म्हणजे मुठेल, न्यावे. तो गोळा मुळातच घट्ट असतो, बोटाच्या उबेने थोडा पाझरवून ओठांवर, नाकाच्या शेंड्यावर आणि टाचांना सकाळी निघण्यापूर्वी लावावा आणि उरलेला आईंच्या पिशवीत असू द्यावा.