मेळाव्यात बायोडेटासोबत एचआयव्ही रिपोर्ट मागावा का?

रावपुऱ्याची सून: काल दांडिया बाजारात वधू-वर मेळाव्याची मीटिंग होती, एका काकांनी मांडलं की बायोडेटाबरोबर एचआयव्हीचा रिपोर्ट पण घ्यावा, तर अर्धे लोक खाली बघायला लागले. मला तर एकदम पटलं. माझ्या आतेभावाचं वजन दोन वर्षं उतरत होतं, सगळे म्हणायचे टेन्शन असेल, शेवटी टीबी झाला तेव्हा टेस्ट झाली आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, शंभरच्या खाली निघाला. आधी कोणी एक साधी टेस्ट सांगितली नाही.

जुना वडोदरेकर: वाईट वाटलं. पण आपल्या चांगल्या घरातल्या मुलांना हे कशाला?

रावपुऱ्याची सून: काका, तोही आपल्या मंडळातलाच, दर गणपतीत आरतीला पुढे उभा असायचा.

मकरपुराकर: टेस्ट सगळ्यांनी करावी पण मंडळाने मागू नये. 2017 चा कायदा आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि लेखी परवानगीशिवाय कोणाचा रिझल्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. मंडळाची फाइल पाच जणं उघडतात, संध्याकाळपर्यंत मांजलपूरपर्यंत बातमी. ह्या भीतीनेच माणूस टेस्टला जात नाही.

रावपुऱ्याची सून: आणि जिला लग्नानंतर कळतं तिचं काय?

लॅबमध्ये काम करणारी: ताई तुमची काळजी खरी आहे, पण निगेटिव्ह रिपोर्टवर भरवसा ठेवून बसू नका. लागण झाल्यावर काही आठवडे टेस्टमध्ये दिसत नाही, रॅपिड किटला तर तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणजे मेळाव्याचा कागद लग्नापर्यंत जुना होतो. सरकारी केंद्रात टेस्ट फुकट होते, आधी नीट बोलतात, पॉझिटिव्ह आलं तरी वेगवेगळ्या तीन किटवर तपासूनच सांगतात. 2017 पासून सीडी४ कितीही असो औषध लगेच चालू करतात, तेही फुकट. रोज घेतलं आणि व्हायरस रिपोर्टमध्ये दिसेनासा होऊन तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागत नाही. लग्न करतात, मुलं होतात. तुमच्या भावाला दोन वर्षं आधी कळलं असतं तर बहुतेक टीबीपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मकरपुराकर: मग मेळाव्यात समुपदेशक बोलवा, रिपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. मुलगा-मुलगी बोलून एकत्र जातील.

रावपुऱ्याची सून: जातील का, हाच प्रश्न आहे. फाइलचं मात्र पटलं, ते मागे घेते. माझी टेस्ट दोन्ही वेळेला दिवस गेले तेव्हा झाली, ह्यांची लग्नाला नऊ वर्षं झाली तरी एकदाही नाही. मंगळवारी दोघं सयाजी हॉस्पिटलला जातोय, विचारलं तर पटकन हो म्हणाले.