रो-हाऊसवर ३ किलोवॅट सोलर: बॅटरी आत्ताच घ्यावी का? (पुणे)

धायरी_फाटा

स्वतंत्र रो-हाऊस, गच्ची आपलीच, साधारण ६०० चौरस फूट. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन, बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट, बिल वडिलांच्या नावावर. महिन्याला ३२०-३५० युनिट, एप्रिल-मेमध्ये ४५०. गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, कठड्यापेक्षा दोन मीटर उंच. गच्चीला कोबा केलेला आहे.

तीन वेंडरांनी तीन वेगवेगळी गणितं दिली: एकाचं ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (बॅटरी नाही, थेट महावितरणच्या ग्रिडला म्हणजे लाइनला जोडलेलं), दुसऱ्याचं ५ किलोवॅट ऑन-ग्रिड, तिसऱ्याचं ३ किलोवॅट हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हीला जोडता येणारं) आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी. लाइट गेल्यावर फ्रिज, चार पंखे, वायफाय, टीव्ही आणि पाचसहा दिवे चालायला हवेत. एक एचपीची पाण्याची मोटरही चालली तर उत्तम. सध्या जुना होम इन्व्हर्टर आहे, १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीसकट. कुठून सुरुवात करू?

हिशोबनीस

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वेंडर ते एकत्र कालवतात. पॅनल किती, हे वर्षाच्या बिलांवरून ठरतं. बॅटरी किती, हे लाइट गेल्यावर काय चालवायचं त्यावरून.

आधी पॅनल. गेल्या बारा बिलांची युनिटं एका कागदावर मांडा. तुमचा आकडा वर्षाला ४,००० ते ४,४०० च्या आसपास येईल. पुण्यात सावली नसलेल्या गच्चीवर एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरावीत, म्हणजे सरासरी दिवसाला ४ च्या आत-बाहेर. उन्हाळ्यात जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये कधी त्याच्या निम्म्यावर. ५५० वॅटचे ६ पॅनल म्हणजे ३.३ किलोवॅट, वर्षाला ४,५०० च्या आसपास. तुमचं काम झालं. ५ किलोवॅटची गरज नाही.

मोठं का नको, तर नेट मीटरिंगमध्ये (लाइनला दिलेली युनिटं वापरलेल्यांतून वजा होतात) जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात खरी, पण खातं ३१ मार्चला बंद होतं. त्या दिवशी उरलेली युनिटं महावितरण घेतं ते तुमच्या बिलातल्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात वापरता येते, फेब्रुवारी-मार्चची नाही. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,००० आणि तिथेच संपतं: एकूण ७८,०००. चौथा-पाचवा किलोवॅट पूर्ण खिशातून. ईव्ही घ्यायचा किंवा वरच्या खोलीला एसी लावायचा बेत पक्का असेल, तरच पुढे जा.

अनुदानासाठी पॅनल आणि सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा) यांतली जी क्षमता लहान असेल ती धरतात. म्हणून ३.३ चे पॅनल आणि ३ चा इन्व्हर्टर ही जोडी बरोबर बसते. पॅनल डीसीआर, म्हणजे देशी सेलचेच हवेत. कोटेशनवर तो शब्द नसेल तर लिहून घ्या. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त असतात आणि अनुदानाच्या वेळीच मग वाद होतो. बॅटरीला या योजनेत एक रुपयाही मिळत नाही.

आता बॅटरी. तुमची यादी:

चार साधे पंखे ७५ वॅटचे, ३००. फ्रिज कॉम्प्रेसर चालू-बंद धरून सरासरी ६०. टीव्ही ९०. दिवे ४५. वायफाय १२. बेरीज सुमारे ५०० वॅट.

५१.२ व्होल्ट १०० एएचचा लिथियम पॅक म्हणजे ५.१२ युनिट. ९० टक्के वापरलात आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा केलात की हाती ४.१ युनिट. ५०० वॅटवर आठ तास. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले, ३० वॅटचे, तर भार ३३० वर येतो आणि तीच बॅटरी बारा तास पुरते. दुसरा पॅक घेण्याआधी पंखे बदला.

तुमची जुनी ट्यूब्युलर: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच, १.८ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, त्यात इन्व्हर्टरचा तोटा. पाऊण युनिट मिळतं. याच भारावर दीड तास.

म्हणजे प्रश्न इतकाच उरतो: तुमच्याकडे लाइट दीड तास जातात की आठ तास? बिल वाचवायला बॅटरी घेत असाल तर घेऊ नका. नेट मीटर असताना ग्रिड हीच तुमची बॅटरी, आणि तीही बिनतोट्याची. लिथियममध्ये भरून परत काढताना दहा-पंधरा टक्के वाटेतच जातात.

गच्चीवाला

टाकी आधी हलवा किंवा पॅनल तिच्यापासून लांब न्या. २१ डिसेंबरला पुण्यात दुपारी बाराचा सूर्य ४८ अंशांवरच असतो. पॅनलच्या कडेपेक्षा एक मीटर उंच वस्तूची सावली दुपारी ९० सेंटीमीटर पडते, सकाळी साडेनऊला पावणेदोन मीटर, तीही वायव्येकडे. टाकी दक्षिणेला आहे म्हणजे सावली नेमकी पॅनलवरच. सहाही पॅनल एकाच ओळीत सीरिजमध्ये असतात, त्यामुळे एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावली सगळ्या ओळीला ओढते. पॅनलमधले बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे) थोडं वाचवतात, सगळं नाही. मे महिन्यात गच्ची बघून ‘सावलीच नाही’ म्हणणाऱ्या वेंडरवर विसंबू नका: मेच्या मध्याला पुण्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा कुणाचीच सावली नसते.

तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. एक पॅनल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, वजन ३० किलोच्या आसपास. सहा पॅनल साडेपंधरा चौरस मीटर. मागून-पुढून माणूस फिरेल एवढी वाट सोडून २५०-३०० चौरस फूट लागतात.

कोब्यावरून मी आधीच सांगतो, कारण पहिल्या पावसात भांडण याच्यावरून होतं. कोब्यात थेट ड्रिल मारून अँकर ठोकले तर पाणी त्या भोकातून विटांच्या थरात शिरतं आणि खालच्या खोलीत भलत्याच जागी झिरपतं. भोक एकीकडे, ओल दुसरीकडे; शोधत बसा. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून भागेल असंही नाही. एक फुटी ठोकळा ६५ किलोचा. पुण्यासाठी आयएस ८७५ मध्ये (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. साडेपंधरा चौरस मीटरवर तो वळिवाचा वारा खालून शिरला तर सहा ठोकळे त्याला पुरणार नाहीत. मार्ग दोन: पाय कॉलमच्या डोक्यांवर किंवा बीमवर घ्या, किंवा पायाच्या जागेपुरता कोबा काढून मूळ स्लॅबला केमिकल अँकर लावा, त्यावर ठोकळा ओता आणि ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंग चढवून गोलाई करा. हे काम गवंड्याचं आहे, पॅनलवाल्याच्या पोरांचं नाही.

स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) घ्या, थर ८० मायक्रॉन लेखी. साइटवर कापून वेल्डिंग केलेला आणि चंदेरी रंग मारलेला पाइप नको, तो जोडापाशी दोन पावसाळ्यांत गंजतो.

कबुतरांसाठी पॅनलच्या खालच्या कडेला जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या. घरटं झाल्यावर लावली तर आत कबूतर कोंडतं.

धायरी_फाटा

दोघांचेही आभार. आमच्याकडे लाइट एरवी अर्धा-पाऊण तास जातात, पण गुरुवारी मेंटेनन्सचं शटडाऊन असलं की सकाळी दहा ते चार-पाच. तेव्हा ऊन तर असतंच, मग ऑन-ग्रिडवरच घर चालणार नाही का? आणि जुना होम इन्व्हर्टर ठेवून ऑन-ग्रिड सोलर चालेल का?

तारजोड

नाही चालणार. लाइट गेले की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर तुमच्या गच्चीवरून करंट जाऊ नये म्हणून. ती सोय बंद करून देतो म्हणणाऱ्याला गेटबाहेर काढा.

जुना इन्व्हर्टर ठेवता येतो, पण जोडणी नीट करा. सोलर इन्व्हर्टरमधून निघणारी एसी (घरात चालते त्या विजेची) तार मुख्य डीबीत, म्हणजे एमसीबीच्या डब्यात, होम इन्व्हर्टरच्या *आधी* यायला हवी. ती चुकून होम इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, म्हणजे घरातल्या ‘इन्व्हर्टर लाइन’वर जोडली, तर लाइट गेल्यावर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर होम इन्व्हर्टरच्या साइन वेव्हलाच ग्रिड समजून सुरू होतो आणि दोन-तीन किलोवॅट उलटे त्यात ढकलतो. होम इन्व्हर्टरचा बोर्ड जळतो, क्वचित बॅटरी फुगते. मेन बंद करून घरात दिवे चालू आहेत तेव्हा सोलरच्या डिस्प्लेवर ‘नो ग्रिड’ दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर लगेच दोन्ही बंद.

तारांचं: पॅनलपासून खाली ४ चौरस मिलिमीटरची डीसी (पॅनलच्या एकदिशा विजेची) सोलर केबल, कलई केलेल्या तांब्याची. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडणारे प्लग) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगळ्या कंपन्यांचे बसतात, ‘टक’ आवाजही येतो, पण आतली पकड सैल राहते. वर्षभराने तिथेच प्लास्टिक वितळलेलं सापडतं. सहा पॅनलच्या ओळीचं ओपन सर्किट व्होल्टेज ३०० च्या आसपास, डिसेंबरच्या पहाटे ३१० पर्यंत. तिथे डीसी रेटिंगचाच आयसोलेटर (वीज तोडणारा खटका). साधा एसी एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही.

एसी बाजूची तार वेंडर हमखास बारीक ओढतात. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. इन्व्हर्टर ते मीटर २५ मीटर असेल तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ ५ व्होल्ट पडतात, सहाच्या तारेत २. पाच व्होल्टांनी काय होतं? तुमच्या भागात दुपारी ग्रिड २५० च्या वर चढत असेल तर इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायला त्याहून वर जावं लागतं, तो मर्यादेला टेकतो आणि ‘ओव्हर व्होल्टेज’ म्हणून बंद पडतो. ऐन बारा ते दोनमध्ये. ग्राहक पॅनलला दोष देत बसतो. दुपारी मीटरपाशी मल्टिमीटर लावून बघा आणि इन्व्हर्टर मीटरच्या जवळ, सावलीत लावा.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: पॅनल-स्ट्रक्चर, एसी, आणि आकाशातून पडणाऱ्या विजेसाठीचा वीजरोधक. डीसी आणि एसी दोन्हीकडे टाइप २ एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं). रीडिंग ५ ओहमच्या आत, तुमच्यासमोर मोजून.

हिशोबनीस

गुरुवारचं वाचून मत थोडं बदलतो. सकाळी दहा ते पाच आणि तेही उन्हात, म्हणजे हायब्रिड तुमच्याकडे खरंच उपयोगी आहे. बंद काळात पॅनल घर चालवतील, उरलेली वीज बॅटरीत, त्यामुळे एक ५ युनिटचा पॅक पुरेल. जुनी ट्यूब्युलर आणखी दोन वर्षं चालणारी असेल तर आत्ता हायब्रिड इन्व्हर्टर बसवा, बॅटरी नंतर. फक्त त्या इन्व्हर्टरच्या सुसंगत बॅटऱ्यांची यादी आजच वेंडरकडून घ्या. बॅटरीचा बीएमएस (तिला सांभाळणारा आतला बोर्ड) आणि इन्व्हर्टर कॅन किंवा आरएस-४८५ या डेटा जोडणीवरून बोलतात. भाषा जुळली नाही तर इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. लिथियमचं व्होल्टेज मधल्या भागात सपाट असतं, म्हणून ४० टक्के दाखवता दाखवता धाडकन बंद.

तारजोड

आणि हायब्रिडमध्ये दोन गोष्टी.

एक, बॅकअपचं आउटपुट वेगळ्या छोट्या डीबीवर घ्या आणि त्या सर्किटांचा *न्यूट्रलही* वेगळा ओढा. पुण्यातल्या बहुतेक रो-हाऊसमध्ये दोन खोल्यांना मिळून एकच न्यूट्रल फिरवलेला असतो. फेज बॅकअपवर आणि न्यूट्रल मेनवर राहिला की आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा स्विच) पडत राहतो. इन्व्हर्टर बदलून हे सुटत नाही, भिंतीतली तार बदलावी लागते. कोटेशनमध्ये याचे पैसे धरलेत का, ते विचारा. गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह त्या डीबीवर नकोत. एक एचपीची मोटर चालू होताना पाचसहा पट करंट घेते, ३ किलोवॅटच्या बॅकअपला ते झेपेलच असं नाही. टाकी बुधवारी रात्री भरा. गुरुवारी पाणीही बंद असतं हे वेगळं सांगायला नको.

दोन, सेटिंग. वेंडर बहुधा ‘सेल्फ यूज’ मोड लावून जातात. त्यात बॅटरी रोज रात्री १०-२० टक्क्यांपर्यंत रिकामी होते आणि सकाळी दहाला लाइट जातात तेव्हा हातात काही नसतं. ‘बॅकअप’ मोड लावा किंवा राखीव पातळी ७० टक्के ठेवा.

४८ व्होल्टच्या बाजूला ३ किलोवॅट म्हणजे ६० अँपिअरहून जास्त. बॅटरीची केबल २५ चौरस मिलिमीटर, लांबी दोन मीटरच्या आत, डीसी ब्रेकर बॅटरीपाशी. पॅक ५० किलोच्या आसपास असतो. सहा इंची विटेच्या भिंतीवर नीट अँकर, पोकळ ब्लॉकवर नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत अजिबात नको, मेमध्ये तिथे भट्टी होते.

कागदपत्र_एक

बिल वडिलांच्या नावावर आहे तर अर्ज, बँक खातं आणि वेंडरशी करार तिन्ही त्यांच्याच नावाने करा, नाहीतर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. अर्ध्यात बदलू नका. सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मग नोंदणीकृत वेंडर निवडायचा, बसवल्यावर तपासणी, नेट मीटर आणि शेवटी खात्यात अनुदान. १० किलोवॅटपर्यंत वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही. मंजूर भार ३ आहे, तुमची यंत्रणाही ३ ची. भार वाढवायचा प्रश्न नाही.

नेट मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टर चालू करू नका. जुना मीटर बाहेर गेलेली युनिटंही वापर म्हणून मोजू शकतो, म्हणजे फुकटच्या उन्हाचं बिल.

वेंडरला शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर. पॅनलच्या सिरियल नंबरांची यादी, इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड आणि वायफाय अॅपचा *मालक* लॉगिन ताब्यात घेऊन मगच.

धायरी_फाटा

ठरलं: ६ पॅनल, ३ चा हायब्रिड, बॅटरी दिवाळीनंतर, टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात. एकच उरलं, धुवायचं कशाने? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

गच्चीवाला

बोअरचं नको. सुकलं की पांढरे डाग काचेवर बसतात आणि मग ते घासून निघत नाहीत. टँकरचं, नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी, दांड्याला मऊ मॉप, साबण नाही. सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. शेजारी बांधकाम चालू असेल तर पंधरा दिवसांनी, नाहीतर महिन्याने. जून ते सप्टेंबर वरुणराजा धुतो, तेव्हा फक्त खालच्या फ्रेमला साचलेली चिखलाची रेघ काढा, ती खालच्या सेलच्या ओळीवर सावली धरते.