२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे ना? मग माझा प्रोग्राम नाही का म्हणतोय

चहाबाज:
सी भाषेत साधा प्रोग्राम लिहिलाय, दिलेल्या आकड्याला (एन) २ पासून एकेका आकड्याने (आय) भाग देत जायचं आणि आय गुणिले आय एनच्या वर गेलं की थांबायचं. छोट्या आकड्यांना बरोबर उत्तर देतो पण २१४७४८३६४७ टाकला की फिरतच बसतो आणि शेवटी म्हणतो विभाज्य! गणितज्ञ ऑयलरने म्हणे १७७२ मध्येच ही मूळ संख्या आहे हे दाखवलं होतं. त्याने हाताने कसं केलं असेल? आणि इन्टची (सीमधला पूर्णांकांचा प्रकार) कमाल किंमत नेमकी मूळ संख्या, हे मुद्दाम केलंय का?

रिकामा_कंपायलर:
ओव्हरफ्लो आहे रे, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत न मावणं. ३२ बिटच्या इन्टमध्ये याच्यापुढचा आकडाच मावत नाही. ४६३४० चा वर्ग मावतो, ४६३४१ चा २१४७४८८२८१ होतो, तो बहुतेक मशीनवर गडगडून मायनसमध्ये जातो. आता कुठलाच इन्ट तुझ्या एनपेक्षा मोठा असू शकत नाही, मग थांबायची अट खरी होणार कधी? लूप आपला चालत चालत खुद्द एनपर्यंत पोचतो, तिथे बाकी शून्य, की विभाज्य म्हणून मोकळा. वर्ग करूच नको, आय हा एन भागिले आयच्या वर गेला की थांब, चुटकीसरशी होईल. (सीच्या नियमात असा ओव्हरफ्लो बेभरवशाचाच, दुसऱ्या कंपायलरवर वेगळा तमाशा दिसेल.)

गणितवाली_ताई:
ऑयलर सरसकट भागत नव्हता बसला. पी विषम मूळ संख्या असेल तर २^पी − १ चा कुठलाही मूळ भाजक २ × पी × के + १ (के म्हणजे १, २, ३ असा कुठलाही आकडा) असाच निघतो, शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. २^११ − १ म्हणजे २०४७ घे. उमेदवार २३, ४५, ६७, ८९. ४५ ची बाकी ५, ६७ ची ३, दोन्ही बाद. उरले २३ आणि ८९, आणि कर गुणाकार, २०४७ च येतात! तुझा आकडा म्हणजे २^३१ − १, तिथे मूळ भाजक २४८ च्या पटीत १ नाहीतर ६३ मिळवून येणाराच असायला हवा, आणि ४६३४० पर्यंत असे आकडे जेमतेम ३७३, त्यातलेही बरेच ३ नाहीतर ५ ने लगेच कटतात. कंटाळवाणं आहे पण माणसाला जमण्यासारखं आहे.

रिकामा_कंपायलर:
आणि मुद्दाम वगैरे काही नाही, ३२ पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला, ३१ उरले एवढंच. १६ बिटवाला ३२७६७ बघ, ७ × ३१ × १५१. ६४ बिटवाल्यालाही ७ ने भाग जातो.

चहाबाज:
अट बदलली, लगेच आलं उत्तर 🙏 पण मग मूळ असण्याचा कॉम्प्युटरला उपयोग शून्य?

गणितवाली_ताई:
आहे की. रँडम आकडे काढायची एक जुनी रीत आहे, आधीच्या आकड्याला १६८०७ ने गुणायचं, २१४७४८३६४७ ने भागायचं आणि उरलेली बाकी हा पुढचा आकडा. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात, तो असा निवडलाय की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही, आणि भाजक मूळ नसता तर हे झालंच नसतं. करून बघ, फक्त गुणाकार ६४ बिटमध्ये कर नाहीतर परत तोच ओव्हरफ्लो, आणि सुरुवात ० पासून करू नको, शून्यच येत राहतील.