पेनी बंद झाली म्हणून बरण्या भरणाऱ्यांनो, जरा थांबा

खुर्दाबहाद्दर: काल इथे एकाने लिहिलंय की नोव्हेंबर 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अमेरिकेची शेवटची चलनी पेनी पाडली, आता घरातल्या सगळ्या जपून ठेवा, पोरांच्या कॉलेजची सोय होईल. अहो कसली डोंबलाची सोय! एक सेंटचं नाणं पाडायला 3.69 सेंट लागायला लागले म्हणून बंद केलं, अब्जावधी पडून आहेत लोकांच्या ड्रॉवरमध्ये. जमवायचीच तर 1909 ची व्हीडीबी जमवा, म्हणजे नक्षीकाराची ही आद्याक्षरं असलेली पेनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतली, 4,84,000च पाडली होती.

जर्सीकर: तो ‘एकाने’ म्हणजे मीच, नाव घ्यायला काय झालं? 1982 च्या आधीची पेनी 95 टक्के तांबं, 3.11 ग्रॅम. नंतरची नुसतं जस्त, वर मुलामा, अडीच ग्रॅम. जुनीतलं तांबंच सेंटापेक्षा महाग आहे. मी बँकेतून पेन्यांचे रोल आणतो, काट्यावर एकेक निवडतो, बायको बोलते ते ऐकून घेतो.

खुर्दाबहाद्दर: आणि वितळवणार कुठे, बाथरूममध्ये? 2006 पासून बंदी आहे.

जर्सीकर: उठेल बंदी. धीर नाही ना तुम्हा लोकांना.

मीनल: तुमचं चालू द्या, माझं ऐका. सासऱ्यांनी शिकागोत जमवलेल्या इंडियन हेड, म्हणजे पिसांचा मुकुट घातलेल्या डोक्याच्या पेन्या, 1859 ते 1909 वाल्या, सासूबाईंनी देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच लावून घासल्या. नाण्यांच्या डीलरने भिंगातून एक बघितली आणि अख्खा अल्बम परत सरकवला.

तात्या: ढोंग आहे डीलरांचं. लख्ख नाणं कुणाला नको असतं?

मीनल: तात्या, तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे! घासलं की केसासारख्या रेघा पडतात, त्या जन्मात जात नाहीत. घरी हे बोलायची सोय नाही म्हणून इथे बोलतेय.

तात्या: मी 1943 ची पेनी लिंबाने घासली तर अस्सल तांबं निघालं. लाखावर डॉलर येतात म्हणे. आता बोला!

खुर्दाबहाद्दर: त्या वर्षी तांबं युद्धाला लागलं म्हणून पेन्या पोलादाच्या पाडल्या, तांब्याच्या चुकून मोजक्याच निघाल्या. पोलादावर तांबं चढवून गंडवणारे ढीगभर आहेत. लोहचुंबक लावा.

जर्सीकर: बरं बाबा, फी निघणार नाही, मान्य. वह्या-पेन्सिली तरी निघतील. तात्या, लावलं का चुंबक?

तात्या: लावलं. चिकटली. पण जरा सैलच चिकटली.