एस्टोनिया २००७ : सायबरहल्ला मोठा की मार्चची निवडणूक?

धागालेखक : उत्तरवारा
एस्टोनियाचं २००७ म्हटलं की सगळे एप्रिल-मेमध्ये देशातल्या बँका आणि इतर संकेतस्थळांवर झालेल्या सायबरहल्ल्याबद्दल बोलतात. माझ्या मते त्या वर्षातली खरी घटना आधीच घडून गेली होती. ४ मार्चच्या संसदीय निवडणुकीत ३०,२७५ जणांनी इंटरनेटवरून मत दिलं. संसदेच्या निवडणुकीत असं जगात पहिल्यांदाच झालं. ओळखपत्र कार्ड रीडरमध्ये घालायचं, पहिल्या पिनने ओळख पटवायची, उमेदवार निवडायचा आणि दुसऱ्या पिनने सही करायची. मत कुलूपबंद होऊन जातं. मोजणीआधी सही वेगळी काढतात, त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं ते कळत नाही. घरात कोणी दबाव आणला तर पुन्हा मत देता येतं, शेवटचंच धरतात. आगाऊ मतदानाच्या दिवसांत केंद्रावर कागदी मत दिलं तर इंटरनेटचं मत रद्दच होतं. २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त मतं अशी पडली. हल्ला तीन आठवड्यांत ओसरला, ही पद्धत टिकली.

खडूफळा
असहमत. मतदाराच्या संगणकातच घातक प्रोग्रॅम असेल तर? पडद्यावर एक नाव दिसेल आणि मत दुसऱ्यालाच जाईल. २००७ मध्ये हे तपासायची मतदाराला काहीच सोय नव्हती. मोबाइलवरून आपलं मत पडताळण्याची सोय आली २०१३ मध्ये. पुन्हा मत देण्याची मुभा दबावावरचा उपाय आहे, बिघडलेल्या यंत्रावरचा नव्हे. शिवाय २०१७ मध्ये ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष सापडला आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रं बदलावी लागली. या पद्धतीचा सगळा भार त्या कार्डावरच आहे, हे विसरून कसं चालेल?

हल्ल्याचं म्हणाल तर तो नुसता 'ओसरला' नाही. २७ एप्रिलच्या रात्री सुरुवात झाली तेव्हा इंटरनेटवरच्या रशियन चर्चापीठांवर संकेतस्थळांवर मारा करणाऱ्या तयार आज्ञा फिरत होत्या, कोणीही चिकटवून चालवाव्यात अशा. पुढे भाड्याच्या बॉटनेटची, म्हणजे परस्पर ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याची, भर पडली. ९ मेला जोर वाढला आणि हन्सापांकसारख्या मोठ्या बँकेची ऑनलाइन सेवा बंद पडली. बचावासाठी परदेशातून येणारी रहदारीच अडवली. त्याने देशातल्या लोकांची सेवा सावरली, पण परदेशी राहणाऱ्या एस्टोनियनांना आपल्याच बँकेत शिरता येईना. यातून सगळ्या देशांना धडा मिळाला आणि मे २००८ मध्ये राजधानी टालिनला नाटोचं सायबर संरक्षण केंद्र उभं राहिलं.

उत्तरवारा
केंद्राचा प्रस्ताव हल्ल्याच्या कितीतरी आधीचा आहे, एस्टोनिया २००४ मध्ये नाटोत आला त्या सुमाराचा. हल्ल्याने काम वेगाने झालं, कल्पना हल्ल्यातून आली नाही. पडताळणीचा मुद्दा मात्र रास्त आहे.

तटबंदी
तुम्ही दोघंही यंत्रांबद्दल बोलताय, माणसं कुठे आहेत? दोन्ही घटनांना जोडणारा दुवा म्हणजे टालिनमधला ब्राँझचा सैनिक, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचं १९४७ चं सोव्हिएत स्मारक. ते हलवण्याचा मुद्दा पंतप्रधान आन्द्रुस आन्सिप यांनी निवडणुकीआधीच लावून धरला. जानेवारीत युद्धस्मशानांविषयीचा कायदा झाला. असली स्मारकं काढायला लावणारं दुसरं विधेयक राष्ट्राध्यक्ष इल्वेस यांनी फेब्रुवारीत अडवलं, तरी प्रचारात विषय तापलेलाच राहिला. मार्चमध्ये आन्सिप यांचा रिफॉर्म पक्ष १०१ पैकी ३१ जागा घेऊन पहिला आला. २६ एप्रिलला पुतळ्याजवळच्या सैनिकांच्या कबरींच्या उत्खननासाठी जागा बंदिस्त केली, रात्री दंगल पेटली, एकाचा जीव गेला आणि पहाटे पुतळा हलवला. त्यापाठोपाठ सायबरहल्ला सुरू झाला. तो आता लष्करी स्मशानभूमीत आहे.

तेव्हा लोकसंख्येत चौथा हिस्सा रशियन. त्यातल्या अनेकांकडे राखाडी पासपोर्ट, म्हणजे कुठलंच नागरिकत्व नाही. त्यांना तेव्हा स्थानिक निवडणुकीत मत होतं, संसदेच्या नव्हतं. मार्चच्या त्या ऐतिहासिक मतदानात पुतळ्याशी ज्यांचं सर्वांत जवळचं नातं होतं त्यातल्या कित्येकांना मतच नव्हतं. इंटरनेटवरही नाही आणि कागदावरही नाही. त्या वर्षाचं मोजमाप इथून सुरू करायला हवं.

खडूफळा
तटबंदी, हल्ल्यामागचं कारण तुम्ही बरोबर पकडलंत. पण दंगल टालिन आणि ईशान्येकडच्या गावांपुरती राहिली. बँक बंद पडल्याची झळ तिथल्या रशियन भाषकांनाही बसली, पासपोर्ट कोणत्याही रंगाचा असो.

उत्तरवारा
आणि २१ डिसेंबरला देश शेंगेनमध्ये, म्हणजे सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, गेला, त्याचा इथे कोणी उल्लेखही केला नाही. लाटव्हियाच्या सीमेवरची तपासणी त्या दिवशी उठली. रोजच्या जगण्यात त्याचा फरक हल्ल्यापेक्षा नक्कीच जास्त पडला. राखाडी पासपोर्टवाल्यांनाही ती सीमा मोकळी झाली.