चंद्राला खळं पडलंय, बाहेर जाऊन बघा

ताई: जागे असाल तर आत्ता बाहेर जा. चंद्राभोवती केवढं मोठं कडं आहे! फोटोत अर्धंच मावलं.

आजी: खळं म्हणतात त्याला. मळणीचं खळं असतं ना, तसं गोल, आणि मधे तिवड्यासारखा, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबासारखा चंद्र. माझी आई सांगायची, जवळचं खळं, लांबचा पाऊस. लांबचं खळं, जवळचा पाऊस. हे लांबचं आहे. बाहेर कपडे असतील तर आत घ्या.

दादा: आजी, चंद्राभोवतीच्या उजेडाचा आणि पावसाचा काय संबंध?

काका: संबंध आहे रे. आधी एक कर. हात सरळ लांब धर, बोटं ताण आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेव. करंगळी कुठे येते?

दादा: कड्यावरच! जेमतेम पोचते.

काका: हात लांब धरून ताणलेली वीत म्हणजे साधारण २२ अंश. चंद्र स्वतः जेमतेम अर्ध्या अंशाचा. हे खळं कधीही, कुठूनही बघ, एवढंच भरतं, कारण त्याचं माप बर्फाच्या स्फटिकांनी ठरतं. खूप उंचावर सिरोस्ट्रेटस ढगाचा पातळ पडदा असतो, त्यात हे षटकोनी स्फटिक. प्रकाश एका बाजूने शिरतो, लगतची बाजू सोडून तिच्या पुढच्या बाजूने बाहेर पडतो. त्या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन, म्हणजे लोलकच झाला. त्यातून प्रकाश सुमारे २२ अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. म्हणून कड्याच्या आतलं आकाश काळपट दिसतं आणि आतली कड किंचित तांबूस. लोलकाची ही कल्पना १७व्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली.

आत्या: आकार बदलत नाही म्हणतोस, मग आई म्हणते ते जवळचं खळं कुठून आलं?

काका: ते वेगळंच असतं गं. चंद्राला चिकटून, काही अंशांचं, आणि तांबूस कड बाहेरच्या बाजूला. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं. असे विरळ ढग कोरड्या दिवसांतही येऊन जातात. लांबचं खळं मात्र उंचावर ओल पसरल्याची खूण. समशीतोष्ण प्रदेशात उबदार हवेची आघाडी सरकत येते, तेव्हा पुढे पिंजलेल्या कापसासारखे सिरस, मागून सिरोस्ट्रेटस, मग ढग खाली उतरत जातात आणि बरेचदा दिवसभरात पाऊस येतो. म्हण करणाऱ्यांना थेंब-स्फटिक माहीत नव्हते, पण दोन खळी वेगळी आहेत हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी हेरलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

दादा: मग उद्या पाऊस नक्की?

काका: नक्की नाही. उष्ण प्रदेशात हा पडदा दूरच्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावरून पसरत आलेला असू शकतो, आणि तो ढग तिकडेच बरसून संपतो. म्हणून खळं एकदा बघून झोपू नका, तासाभराने परत बघा. ॲरिस्टॉटलनेही असंच लिहून ठेवलंय: दाटलं तर पाऊस, तुटलं तर वारा, विरलं तर उघडीप.

ताई: खळ्यातल्या चांदण्या मोजायच्या, तेवढ्या दिवसांनी पाऊस, असंही वाचलंय. मला एकच दिसतेय.

काका: ते मला पटत नाही. आत किती चांदण्या हे चंद्र त्या रात्री कुठे आहे यावर ठरतं.

आत्या: आमच्याकडे तर लख्ख चंद्र आहे, खळंबिळं काही नाही.

काका: तुझ्याकडे चंद्राच्या आड तो पडदा नाही. आणि तसं बघितलं तर ज्याचं त्याचं खळं निराळं. दोघं शेजारी उभे असले तरी प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळ्या स्फटिकांचा उजेड येतो.

आजी: दोनदा उठून बघितलं. पहिल्यांदा कड स्वच्छ होती. आता खळं पुसलं गेलंय आणि चंद्र दुधी काचेमागे ठेवल्यासारखा दिसतोय.

काका: आई, म्हणजे दाटत चाललंय. किती वाजता बघितलंस ते लिहून ठेव.

आजी: एक वाजता आणि पावणेतीनला. कॅलेंडरवर लिहिलंय. कपडे मघाशीच आत घेतले.